विचारा, सांगते : दिवसाला दहा सेकंद

लहान मुलांच्या टीव्ही मालिकांसाठी मातीच्या आणि तारेच्या बाहुल्या मी एकेक फोटो काढत कशा हलवते (याला स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन म्हणतात), हे गेल्या अंकात थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी ठाण्याला घरी पाठवली. त्यातली पाच इथे घेते. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. माझ्या आईलाही पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता आणि तिला विचारायला कुणी नव्हतं.

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. दोन वर्षांपासून मातीची माणसं करते आणि मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बनवते. आता म्हणते, सीईटी देणार नाही, मला स्टॉप मोशन अ‍ॅनिमेटरच व्हायचंय. तिचे बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे. यात पोट भरतं का? आणि तिच्यात ते आहे की नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यावर ठरतं.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमच्या मालिकेचं काम चालू होतं. अस्वल धान्याचं पोतं पाठीवर घेऊन बाजारातून घरी निघतं, असा प्रसंग होता. मला तोवर या कामात चार वर्षं झाली होती, हात बसला होता. दोन दिवस खपून मी तो शॉट केला. हालचाल कुठे अडखळत नव्हती, सगळे छान म्हणाले. सेट रंगवणाऱ्या दादांची चार वर्षांची मुलगी तेव्हा गाळ्यात खेळत असायची. तिलाही दाखवला. ती म्हणाली, "पोत्यात काहीच नाहीये."

पोतं थर्माकोलचं होतं. मी ते तसंच उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल धरली, तुर्भ्याला उतरले आणि एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये जाऊन बसले. असे तीन दिवस गेले. माथाडी कामगार ट्रकमधून गोणी उतरवत होते. पन्नास किलोची गोणी पाठीवर आली की माणूस लगेच चालायला लागेल, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. गोणी टेकायच्या आधीच त्याचे गुडघे वाकलेले असतात. ती टेकते, तो अजून थोडा दबतो आणि मग क्षणभर काहीच घडत नाही. तेवढ्यात त्याची पाठ वजन नेमकं कुठे आहे ते चाचपत असते. मग पाऊल पडतं, तेही आखूड आणि घाईचं. मान ताठ राहते, बाजूला बघायचं झालं तर नुसते डोळे फिरतात. गोणी टाकल्यावर सगळं अंग आपोआप वर येतं आणि पुढची दोन-तीन पावलं तो हात लोंबत सोडून नुसताच चालतो.

परत येऊन शॉट पहिल्यापासून केला. पोतं तेच ठेवलं. अस्वलाचे गुडघे तीन चित्रं आधीच वाकवले. पोतं टेकल्यावर दोन चित्रं त्याला आणखी खाली नेलं. मग बारा चित्रं, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, पाय जागच्या जागी ठेवले आणि फक्त एक कान केसभर हलवला. त्या छोटीला पुन्हा बोलावलं. ती पडद्याजवळ गेली आणि तिने विचारलं, "आत काय आहे?"

तेव्हा ताई, तुमच्या लेकीच्या मातीच्या माणसाला नाक-डोळे किती सुबक आहेत, हे फार बघू नका. सुबकपणा सरावाने येतो. आमच्या गल्लीत गणपतीचा कारखाना होता, तिथे माझ्या बरोबरीच्या मुलांचा हात दोन हंगामांत माझ्यापेक्षा चांगला बसला होता. ती माणसांकडे, मांजरांकडे, जिना चढणाऱ्या आजीकडे किती वेळ बघत बसते, ते बघा. तिला एक काम सांगा. तीच बाहुली आणि तीच बादली घेऊन दोन शॉट करायचे, एकदा रिकामी बादली उचलायची आणि एकदा भरलेली. पाणी दाखवायचं नाही. मग शेजारच्या लहान मुलांना न सांगता विचारा, भरलेली कुठली. मुलं चुकली आणि तिने कुणी न सांगता शॉट पुन्हा करायला घेतला, तर तिला अडवू नका.

आता पोटाचं. मी २००३ मध्ये सुरुवात केली तेव्हा महिना साडेचार हजार मिळत होते आणि दोन वर्षं तेवढेच मिळाले. आपल्याकडे लहान मुलांच्या वाहिन्यांवरचं बहुतेक काम संगणकावर होतं. बाहुल्यांच्या मालिका मोजक्याच निघतात आणि त्या संपल्या की मधले महिने रिकामे जातात. ते जाहिरातींनी भरून काढावे लागतात. वीस-तीस सेकंदांची जाहिरात कधी कधी मालिकेच्या दोन महिन्यांइतके पैसे देऊन जाते. मी घर चालवलंय, मुलाचं शिक्षण केलंय, पण कायम पगाराची नोकरी एकूण सहाच वर्षं होती. हे तिच्या बाबांना असंच्या असं सांगा, लपवू नका.

आणि बारावी तिला नीट पूर्ण करू द्या. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) अ‍ॅनिमेशनचा पदवी अभ्यासक्रम आहे. पवईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, तिथल्या पदवीसाठी यूसीड नावाची परीक्षा असते आणि ती कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. मुंबईत जे.जे.चं उपयोजित कला महाविद्यालय आहेच. यातल्या कुठल्याही ठिकाणी फक्त बाहुल्या हलवायला शिकवत नाहीत. चित्र, गोष्ट, आवाज, कॅमेरा सगळं करावं लागतं आणि ते फार बरं आहे, कारण लहान टीममध्ये एकाच माणसाला चार कामं यावी लागतात. तिला सुरेश एरियत यांचा 'टोकरी' हा स्टॉप मोशन लघुपट दाखवा, तुम्ही दोघंही सोबत बसा. मुंबईतल्या एका मुलीची आणि तिच्या बाबांची गोष्ट आहे. तुमची लेक काय करू बघते आहे, हे तिच्या बाबांना माझ्या पत्रापेक्षा त्यातून चांगलं कळेल.

प्रश्न : दूरदर्शनवर पाध्यांचे अर्धवटराव आम्ही आवडीने पाहिले. 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही लक्षात आहे. तुम्ही करता ते हेच ना? आपल्याकडे हे कधीपासून आहे?
– एक निवृत्त वाचक, नौपाडा

उत्तर : नाही काका, दोन्हीत मोठा फरक आहे. रामदास पाध्यांचे बोलके बाहुले त्या क्षणी, तुमच्या डोळ्यांसमोर जिवंत होतात. बाहुल्याच्या आत किंवा मागे माणसाचा हात असतो आणि कॅमेरा सलग चालू असतो. माझी बाहुली हलताना कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. मी ती केसभर सरकवते, हात बाजूला घेते, फोटो काढते. असे फोटो ओळीने पळवले की हालचाल दिसते.

आणि कधीपासून म्हणाल, तर थेट दादासाहेब फाळक्यांपासून. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपत पडद्यावर आणली. पुढे १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्याच पात्रं होत्या. हे मला कुणी कॉलेजात सांगितलं नव्हतं, खूप उशिरा वाचनात आलं. वाचल्यावर मी स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली आणि रात्री दोनपर्यंत काड्या चालवत बसले.

टीव्हीवरच्या मुलांसाठी हे काम इंग्लंडमध्ये फार मायेने झालं. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन ही दोनच माणसं कँटरबरीजवळच्या एका शेतावर, जुन्या गोठ्यात काम करत. १९६९ मध्ये त्यांची 'क्लँगर्स' ही मालिका आली. चंद्रासारख्या ग्रहावर राहणारे, उंदरासारखे दिसणारे ते प्राणी फर्मिन यांच्या पत्नीने लोकरीने विणले होते. १९७४ ची त्यांची 'बॅगपस' ही मालिका अवघ्या १३ भागांची, तरी तिथल्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या. १९७७ मध्ये मॉर्फ हा छोटासा मातीचा माणूस बीबीसीवर आला. १९९० च्या सुमारास स्वित्झर्लंडहून पिंगू नावाचं पेंग्विन आलं, पाच-पाच मिनिटांचे भाग आणि भाषा कुठलीच नाही, सगळे नुसते आवाज. नातवंडांना पिंगू लावून द्या आणि तुम्हीही शेजारी बसा काका. शब्द नसताना रुसवा कसा कळतो, ते बघाल.

प्रश्न : मी महापेच्या एका कंपनीत थ्री-डी अ‍ॅनिमेशन करतो, पाच वर्षं झाली. तुमचा लेख वाचल्यापासून हाताने काम करावंसं वाटतंय. नोकरी सोडून यात यावं का? रोजचं काम नक्की कसं असतं?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : लगेच सोडू नका. आधी रोजचं काम काय असतं ते ऐका.

टीव्हीसाठी आम्ही सेकंदाला २५ चित्रं धरतो आणि बाहुलीची प्रत्येक ठेवण दोन चित्रं टिकवतो. म्हणजे एका सेकंदाला साडेबारा वेळा बाहुलीला हात लावायचा. आमच्या मालिकेत प्रत्येक अ‍ॅनिमेटरने दिवसाला दहा सेकंद द्यायचे, असं ठरलेलं होतं. म्हणजे सव्वाशे वेळा. पाच मिनिटांच्या भागाला एका माणसाचे तीस दिवस लागतात, तीन टेबलं लावली तर दहा. हे दहा सेकंद अभिनयाचे हवेत, नुसते हलवलेले नकोत. तुमच्याकडे संगणकावर मागे जाऊन एखादी जागा बदलता येते. इथे नव्वदाव्या चित्राला बाहुली पडली तर आधीची एकोणनव्वद हातात असतात, पण ती नेमकी कशी उभी होती ते परत जुळवावं लागतं. आता ड्रॅगनफ्रेमसारख्या सॉफ्टवेअरमुळे आधीचं चित्र पुसट दिसत राहतं, त्याचा आधार मोठा आहे.

आणि शत्रू अनेक. माझ्या पहिल्या वर्षी पडद्यावर उजेड थरथरायचा, कारण सापडेना. तेव्हा एका वयस्कर कॅमेरामननी मला आरशासमोर उभं केलं. मी पांढरा कुर्ता घातला होता. दर फोटोला मी वेगळ्या जागी उभी राहायचे आणि कुर्त्यावरून परतलेला उजेड बाहुलीच्या गालावर पडायचा. त्या दिवसापासून मी कामाला काळेच कपडे घालते. डिजिटल कॅमेऱ्याच्या लेन्सचा पडदा दर फोटोला किंचित कमी-जास्त मिटतो, म्हणून आम्ही हाताने छिद्र ठरवायच्या जुन्या लेन्स वापरतो. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवे डोळ्याला न कळेल इतके मंदावायचे, म्हणून स्टॅबिलायझर घेतला. वजनदार ट्रक गाळ्यासमोरून गेला की टेबल हलायचं, म्हणून त्याच्या पायांवर वाळूच्या गोण्या टाकल्या. मे महिन्यात पत्र्याखाली माती बोटाला चिकटायला लागायची. मग बाहुल्यांचे जादा हात-डोकी थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांबरोबर ठेवायचो.

हे सगळं सांभाळत असताना बाहुलीच्या डोळ्याकडे लक्ष ठेवायचं असतं. आमच्या बाहुल्यांचे डोळे पांढऱ्या मण्यांचे, बुबुळाच्या मधोमध बारीक छिद्र. त्यात टाचणीचं टोक घालून डोळा फिरवायचा. मान वळायच्या आधी डोळे वळले की पात्र विचार करून वळल्यासारखं वाटतं. मान आधी वळली की ते कुणीतरी वळवल्यासारखं दिसतं. हा फरक दोन चित्रांचा आहे. तुम्ही थ्री-डीत हे करतच असाल. तेच इथे चालतं, म्हणून तुमची पाच वर्षं वाया जाणार नाहीत.

पैशाबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. एका वाहिनीने अकरा भागांनंतर आमची मालिका बंद केली आणि शेवटच्या तीन भागांचे पैसे आठ महिन्यांनी दिले. त्या आठ महिन्यांत आमचे दोन चांगले कारागीर हे काम कायमचं सोडून गेले. त्यातला एक बाहुलीचे सांगाडे असे बनवायचा की गुडघा हजारदा वाकवला तरी तुटत नसे. तो आता हे काम करत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून स्वतंत्र काम घेणार असाल तर पहिल्या दिवशी लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करा. ती ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासकट, असं २००६ चा कायदा सांगतो. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. एक तृतीयांश रक्कम आगाऊ घ्या. आणि तुम्ही घडवलेलं पात्र कुणाच्या मालकीचं राहणार, हे करारात लिहून घ्या.

नोकरी ठेवून आधी शनिवार-रविवारी तीस सेकंदांचं काहीतरी पूर्ण करा. पूर्ण, म्हणजे आवाजासकट. ते झालं की मला पुन्हा लिहा.

प्रश्न : शाळेत मुलांकडून मातीची पात्रं करून घेतो, पण शाडूची माती सुकते आणि हात-पाय तुटतात. काय वापरावं?
– एक चित्रकला शिक्षक, कळवा

उत्तर : सर, शाडू पाण्याची माती आहे, सुकणारच. अ‍ॅनिमेशनला तेलकट माती लागते, ती सुकत नाही. प्लास्टिसिन म्हणतात ते हेच. १८९७ मध्ये बाथ शहरातल्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकांनी ते शोधलं, तेही विद्यार्थ्यांची माती सुकते म्हणूनच. स्टेशनरीच्या दुकानात मुलांची रंगीत क्ले मिळते ती चालेल. फक्त पाकिटावर 'हवेत सुकणारी' असं लिहिलेली घेऊ नका.

आत सांगाडा हवा. लोखंडी बाइंडिंग वायर चार दिवसांत तुटते. अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार दुहेरी पीळ घालून वापरा. कोपर आणि गुडघा सोडून बाकी हाडांवर एम-सीलसारखी पुटी लावा, म्हणजे वाकायचं तिथेच वाकेल. पात्र पोकळ ठेवा, पोटात थर्माकोलचा गोळा घालून वर मातीचा थर दिला की वजन कमी होतं आणि ते उभं राहतं. पाय जड करा. आम्ही तळपायात नट बसवतो आणि भोकं पाडलेल्या टेबलाखालून बोल्टने आवळतो. शाळेत तळपायाखाली मातीचीच चिकट टिकली पुरेल. आणि मुलांच्या बोटांचे ठसे पुसायला लावू नका सर. पडद्यावर ते ठसे हलताना दिसतात आणि कुणाच्या तरी हातांनी हे केलंय, हे कळतं. मला ते फार आवडतं.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. आईचा मोबाइल रविवारी मिळतो. मला पहिला व्हिडिओ कसा करायचा ते सांग ना.
– एक मुलगा, ऐरोली

उत्तर : अरे वा! हे पत्र मी शेवटी ठेवलं, निवांत लिहायला.

माती नको आत्ता. कंपासपेटी उघड. खोडरबर आणि शार्पनर, ही तुझी दोन पात्रं. खोडरबराला शार्पनरची भीती वाटते, एवढीच गोष्ट. आईला सांगून स्टॉप मोशन स्टुडिओ हे अ‍ॅप घे, फुकटात मिळतं तेवढं पुरे.

मोबाइल दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभा कर आणि रबरबँडने बांध. तो एकदा बांधला की शेवटपर्यंत हलवायचा नाही. विमानाचं चिन्ह दाबून ठेव, नाहीतर मधेच मामाचा फोन येईल. खिडकीचा पडदा लाव, कारण ढग आला की उजेड बदलतो. टेबल लॅम्प एका बाजूला ठेव. कॅमेऱ्यात खोडरबरावर बोट दाबून धर, म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. गडद रंगाचा शर्ट घाल. वायरचा इअरफोन असेल तर त्याचं आवाजाचं बटण दाबून फोटो निघतो का बघ. निघाला तर मोबाइलला हात लावावाच लागणार नाही.

सेकंदाला दहा फोटो ठेव. दहा सेकंदांचा व्हिडिओ, म्हणजे शंभर फोटो. शार्पनर येताना त्याला दर फोटोला तांदळाच्या दाण्याएवढं सरकव. सुरू होताना आणि थांबताना अर्ध्या दाण्याएवढं. एकदम मधे एक बोट सरकवलंस तर ते दचकून उडी मारल्यासारखं दिसेल, ते कुठे हवं ते तूच ठरव.

आता महत्त्वाचं. खोडरबर घाबरतं तेव्हा त्याला पळवू नकोस. आधी पाच फोटो त्याला तसंच उभं ठेव, अजिबात न हलवता. मग जरासं मागे वाकव, पाठीमागे मातीची एक टिकली लावलीस तर वाकलेलं राहील. तिथे तीन फोटो. आणि मग पळव.

झालं की आजीला दाखव, काही न सांगता. व्हिडिओ चालू असताना तू पडद्याकडे बघू नकोस, आजीच्या चेहऱ्याकडे बघ. ती कुठल्या सेकंदाला हसली, ते वहीत लिही आणि मला कळव.